सातवी खोबण

बाबा दगड फोडण्याआधी वाजवून बघत,
मडकं घेताना बाई बोटाच्या पेरानं वाजवते तसा.
आत मासा असला की आवाज बद्द यायचा,
रिकामा दगड खणकन उलटून बोलायचा.
आरारिपेच्या पठाराखाली घरोघरी असे मासे होते:
दाराला अडसर म्हणून,
किसलेल्या कसाव्यावर दाब म्हणून,
एक तर बोकडाच्या दाव्याला बांधलेला.
समुद्र आम्ही कुणी पाहिला नव्हता.
तो पायाखाली होता.

त्या दिवशीचा दगड बद्दही वाजला नाही, खणकनही नाही.
बाबांनी कान लावला. पुन्हा ठोकला.
उघडला तेव्हा आत मासा नव्हता,
मासा धरणारं तोंड होतं.
लांब जबडा, टोकाशी होडीच्या कण्यासारखा उंचवटा,
आणि दात,
पुढचे मोठे, बाहेर वळलेले, एकमेकांत अडकलेले,
बोटं गुंफून कुणी हट्टानं गप्प बसावं तसे.
अकरा कोटी वर्षांची दातखीळ.

शेजारचा दियोक्लेसियो दोन पावलं मागे सरला.
आन्यांगेरा, म्हणाला. म्हातारा सैतान.
पुढे कळलं, विद्वानांनीही
या उडणाऱ्या सरड्यांच्या अख्ख्या कुळाला हेच नाव दिलंय.
दियोक्लेसियोला कुणी विचारलं नव्हतं.

दक्षिणेकडून जीपवाला आला,
सोबत जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळी.
बाबांनी दातांच्या कण्या केल्या.
शेवटी दोन शेळ्यांचे पैसे ठरले, वर एक वापरलेला फ्रिज.
गावात वीज यायला अजून तीन वर्षं होती.
आई त्यात चादरी ठेवायची,
आणि उंदरांच्या भीतीनं मक्याचं बियाणं.

जीप यायच्या आदल्या रात्री
त्याचा एक दात माझ्या हातात निघून आला.
मी सात वर्षांची. माझाही एक त्याच आठवड्यात पडलेला.
आमच्याकडे पडलेला दात कौलांवर फेकतात आणि म्हणतात,
किडका घे, चांगला दे.
मी दोन्ही मुठी पाठीमागे धरून
बराच वेळ अंगणात उभी राहिले.
मग त्याचा फेकला.
माझा अजून काडेपेटीत आहे.

नवे आले ते पुढे झुकून, एकावर एक चढून.
शाळेत मला सैतानाची म्हातारी म्हणत.
घरात याचं कारण कुणाला माहीत नव्हतं,
मला होतं.

आता मी संग्रहालयात फरशी पुसते.
फरशी नोवा ओलिंदाच्या खाणीतली, पिवळी,
ओलं फडकं फिरलं की तिच्यात
बोटाएवढे मासे क्षणभर वर येतात.
मागच्या ऑगस्टमध्ये युरोपातून एक पेटी परत आली.
बँड वाजला, भाषणं झाली, महापौरांचा सदरा भिजला.
मी त्याला आधी ओळखलंच नाही,
इतकं घासूनपुसून ठेवलं होतं,
बोहल्यावर उभ्या केलेल्या थोराड नवऱ्यासारखं.
मग मोजलं.
डावीकडची सातवी खोबण रिकामी.

डॉक्टर लुसिनेइदे शाळेच्या मुलांना सांगतात,
याचे दात जन्मभर पडत, जन्मभर नवे येत.
हा बहुधा जिवंतपणीच गेला असावा,
पाण्यावर झेप घेऊन
एखाद्या दांडग्या माशाशी झटापट करताना.
मुलं आ वासून ऐकतात.
बादलीत फडकं पिळत मीही ऐकते.
दर वेळी मासा थोडा मोठा झालेला असतो.
मला आवडते ती झटापट.
मध्ये पडून मी ती कशाला मोडू?

तरी परवा रविवारी शिडी लावली.
सत्तेचाळीस वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारी.
कौलं मध्यंतरी दोनदा बदललीयत.
सापडलं ते हे: गांधीलमाश्यांचं रिकामं घर,
बाहुलीचा पाय, बाबांची एक चप्पल
(ती तिथे कशी गेली देव जाणे),
आणि पन्हाळीत खडेच खडे,
त्यातला प्रत्येक खडा मी नखानं खरवडून पाहिला.

खालून भाचा ओरडला, आत्या, काय शोधतेस?
म्हटलं, कुठे गळतं ते बघते.

दोन वर्षं पाऊस नाही.
तो काही बोलला नाही,
शिडी मात्र घट्ट धरून उभा राहिला.